बोअरची चढाओढ थांबवायची तर नेमकं काय बदलावं लागेल?

शिवारफेरी (औसा):

मराठवाड्यातल्या माणसाला पाण्याची किंमत कळत नाही, हे वाक्य मला आता ऐकवत नाही. २०१६ च्या मार्चमध्ये लातुरात टाक्यांजवळ आणि टँकर भरायच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला १० वाघिणी, मिळून ५ लाख लिटर. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. ज्यांनी ते दिवस काढले त्यांचं आणखी कसलं प्रबोधन करायचं? तरीही पुढे पाऊस बरा होताच उसाची लागण वाढली आणि बोअरच्या गाड्या पुन्हा गावोगाव दिसू लागल्या.

माहिती सगळ्यांना आहे. घोडं अडतं ते दुसरीकडे. जमिनीखालचं पाणी बांध ओळखत नाही. मी मोटर बंद ठेवली तर वाचलेलं पाणी माझ्याच विहिरीत थांबेल याची काय खात्री? पलीकडचा ५०० फुटांवर गेला की ते त्याच्याकडे. म्हणजे जो दम धरतो तो आधी कोरडा पडतो. प्रत्येक जण आपापल्या जागी हिशेबानंच वागतो आणि सगळे मिळून शिवार उपसून काढतात.

अमेरिकी जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये असं मांडलं की सामाईक गोष्ट खुली ठेवली तर तिचा नाश ठरलेला. एक तर तिच्यावर सरकारी ताबा हवा, नाहीतर तिची खासगी वाटणी. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी आयुष्यभर याच्या उलट पुरावे गोळा केले. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की त्यांचा १९६५ चा प्रबंधच भूजलावर होता. लॉस एंजेलिसजवळच्या एका खोऱ्यात शहरं आणि कंपन्या चढाओढीनं विहिरी उपसत होत्या, इतक्या की समुद्राचं खारं पाणी आत शिरू लागलं. शेवटी ते सगळे एकत्र बसले, कोण किती उपसतो हे एकमेकांसमोर मांडलं आणि उपसा कमी करण्याचा करार केला. त्या करारातली एक अट मी पुन्हा पुन्हा वाचली: ठरलेल्या वाट्याइतक्या उपसा करणाऱ्यांच्या सह्या होईपर्यंत तो कुणावरच बंधनकारक नव्हता.

आमच्या गावात नेमकी हीच सोय नाही. 'मी थांबतो, पण एवढे जण थांबले तरच,' असं म्हणायला जागाच नाही. ग्रामसभेत साहेब येतात, 'पाणी वाचवा' म्हणतात, आपण टाळ्या वाजवतो आणि घरी येतो. एकेकट्याला वावरात गाठून विचारा. बहुतेक जण म्हणतात की या पाण्यावर ऊस झेपत नाही, पण बाकीचे कुठं ऐकणार आहेत. तीच माणसं पारावर एकत्र बसली की कुणी तोंड उघडत नाही. प्रत्येकाला वाटतं, असं वाटणारा गावात मी एकटाच.

समाजमानसशास्त्रात यावर काम झालेलं आहे असं वाचनात आलं, म्हणून हा धागा. शाश्वत विकासाच्या नावाखाली आपल्याकडे बंधारे, शेततळी, ठिबक सगळं आलं. माणसं एकमेकांकडे बघून कशी ठरवतात, याचा विचार त्यात कुठं दिसत नाही. आपल्या जिल्ह्यांतले अनुभव वाचायला आवडतील.

तेरणाकाठ (धाराशिव):

शिवारफेरी दादा, लई नेमकं लिहिलंत. आमच्याकडं लोक अजून बोअर मारायलेत. पाणाड्याला नारळ द्यायचा, व्याजानं पैसे काढायचे, फुफाटा उडाला की त्याच्या शेजारी दुसरा पॉइंट काढायचा. कायद्यात ६० मीटरच्या खाली जायला बंदी हाय म्हणतात. आमच्याकडं २०० फुटांवर थांबलेला बोअर दाखवा.

पण ऊस लोक येडे म्हणून लावत नाहीत. उसाला एफआरपी (सरकारनं ठरवलेला कमीत कमी भाव) हाय, कारखाना घेऊन जातो, उशिरा का होईना पैसा हातात येतो. सोयाबीनचं बघा. २०२४-२५ ला हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल, आणि आडतीवर माल त्याच्या खालीच गेला. ज्याला पोरीचं लग्न करायचंय त्यानं काय करावं, सांगा.

माळवद:

तेरणाकाठ यांच्याशी पूर्ण सहमत, आणि माझा आक्षेप याच्याही पुढचा आहे. मानसशास्त्र आलं की जबाबदारी गुपचूप वरून खाली सरकते. साखर कारखान्यांना परवाने कुणी दिले? आपल्याकडचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, उसाला त्याच्या तिपटीनं पाणी लागतं. हे गणित शेतकऱ्याच्या सवयीतून आलेलं नाही, धोरणातून आलेलं आहे. आता त्याच शेतकऱ्याच्या मनावर प्रयोग करायचे आणि धोरण तसंच ठेवायचं, हे मला मान्य नाही.

मानस_परभणी:

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. माळवद यांचा आक्षेप योग्य आहे आणि तो आमच्या विषयातही घेतला जातो. त्यावर शेवटी लिहिते. आधी धाग्याच्या प्रश्नाकडे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत चांगल्या मांसाचा तुटवडा होता. घरोघरी काळीज, गुर्दे असे प्रकार खाल्ले जावेत अशी सरकारची इच्छा होती, आणि लोकांना त्याची किळस. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी बायकांचे गट केले. काही गटांना तज्ज्ञ बाईंनी भाषण दिलं: पोषण, देशकार्य, पाककृतीसुद्धा. बाकीच्या गटांत बायकांनी आपसात चर्चा केली, अडचणी बोलून दाखवल्या आणि शेवटी करून बघणार असणाऱ्यांनी सगळ्यांसमोर हात वर केले. नंतर चौकशी केली तेव्हा भाषण ऐकलेल्यांपैकी ३ टक्के आणि चर्चा केलेल्यांपैकी ३२ टक्के बायकांनी तो पदार्थ घरी केला होता. आपल्या बहुतेक शासकीय कार्यशाळा अजून भाषणाच्याच गटात आहेत.

दुसरा प्रयोग मला मराठवाड्यासाठी फार महत्त्वाचा वाटतो. ॲरिझोनातल्या एका राष्ट्रीय उद्यानात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले तुकडे पडलेले असतात आणि पर्यटक ते उचलून नेतात. रॉबर्ट सियाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी तिथं वेगवेगळ्या पाट्या लावल्या. 'आजवर अनेक पर्यटकांनी तुकडे नेल्यामुळे उद्यानाचं रूप बदललं आहे' अशी पाटी होती तिथं, खुणा करून ठेवलेल्या तुकड्यांपैकी जवळपास ८ टक्के चोरीला गेले. 'कृपया तुकडे नेऊ नका' अशा साध्या पाटीपाशी २ टक्क्यांहूनही कमी. पहिली पाटी हळहळ व्यक्त करत होती, पण वाचणाऱ्यापर्यंत पोहोचत होतं एवढंच की इथं सगळेच नेतात.

आता आपल्या बातम्या आठवा. 'तालुक्यात हजारो बेकायदा बोअर', 'बंदी धाब्यावर'. लिहिणाऱ्याची तळमळ खरी असते. वाचणारा शेतकरी मात्र म्हणतो, मग मीच का मागे राहू?

शिवारफेरी, 'असं वाटणारा मी एकटाच' या तुमच्या वाक्यात आमच्या विषयातली एक मोठी गोष्ट आहे. मनातून बहुसंख्य एका बाजूला असतात, पण उघडपणे कुणी बोलत नाही, म्हणून प्रत्येक जण स्वतःला अल्पसंख्य समजतो. हे कोंडलेलं मत बाहेर काढायला कधी कधी चिठ्ठीवर घेतलेला साधा कौलही पुरतो, कारण निकाल फळ्यावर लिहिला की लोक चकित होऊन एकमेकांकडे बघतात.

आणि माळवद, तुमच्या मुद्द्याबद्दल. माणसाला एकट्यानं सुधारायला सांगणं हे समाजमानसशास्त्र नाही. परिस्थिती माणसाला कशी वळवते हेच तर हा विषय बघतो, आणि उसाचा भाव हीसुद्धा परिस्थितीच आहे. पण भाव बदलेपर्यंत गावानं काहीच ठरवू नये, हे मला पटत नाही. जे गाव आतून एक झालेलं असतं त्याचा आवाज वरही जास्त पोहोचतो.

येळवस (लातूर):

मी बचत गटांबरोबर काम करते. सगळे 'शेतकरी' म्हणताना एकच माणूस डोळ्यांसमोर ठेवतात, धोतर किंवा पॅन्ट घातलेला. पाणी कोण भरतं? उन्हाळ्यात टँकरची वाट बघत अर्धा दिवस कोण बसतं? बोअर कुठं मारायचा हे ठरतं तेव्हा ती बाई तिथं नसते.

आणखी एक गोष्ट इथं कुणी लिहिलेली नाही. आपल्याकडे ऊस ही इज्जत आहे. सोयरीक जुळवताना विचारतात, पाणी किती, ऊस किती. कोरडवाहू जमीन दहा एकर असली तरी मुलीकडचे तोंड फिरवतात, आणि तीन एकर बागायत असली की पसंती. ज्वारी, करडई, जवस लावणारा मागासलेला वाटतो. हिशेबात ऊस हरला तरी लग्नाच्या बाजारात तो जिंकतो, आणि घरातला निर्णय तिथेच होतो. भाव सुधारा म्हणणाऱ्यांनी हाही भाव लक्षात घ्यावा.

बदल होतो का? होतो. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर घरं पुन्हा बांधताना गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं होतं. ज्या बायका चारचौघांत बोलत नव्हत्या त्या इंजिनिअरला प्रश्न विचारायला लागल्या. त्याच कामातून वाढलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं पुढे एक एकर शेतीचं काम उभं केलं. बाईनं घरच्यांकडून एक एकर किंवा अर्धा एकर मागून घ्यायचा, त्यात भाजी, डाळी, ज्वारी अशी घरात खायची पिकं कमी पाण्यात घ्यायची. या कामाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मला त्यात सगळ्यात शहाणपणाचं हे वाटतं की नवऱ्याला ऊस काढून टाक असं कुणी सांगितलंच नाही. एक एकर मागितला. तो दिसायला लागला, घरात भाजी यायला लागली, मग शेजारणीनं मागितला.

याच्या उलट गुड मॉर्निंग पथकं. पहाटे टमरेल घेऊन जाणाऱ्याला अडवायचं, फुलं द्यायची, फोटो काढायचे. लाज वाटून लोकांनी शौचालयं बांधली, आणि कितीतरी ठिकाणी त्यात कडबा आणि गोवऱ्या भरल्या. बायकांना तर पथक चुकवायला आणखी अंधारात जावं लागलं. पाण्याच्या बाबतीत कुणी लाज काढायचा मार्ग सुचवला तर मी विरोधच करेन.

तेरणाकाठ (धाराशिव):

ताई, सोयरिकीचं शंभर टक्के खरं. आमच्या भावकीत एकानं निव्वळ पोराचं लग्न जुळावं म्हणून ऊस लावला.

बालाघाट (अंबाजोगाई):

पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेचं नाव कसं कुणी काढलं नाही? २०१६ ला पहिल्या वर्षी तीनच तालुके होते, त्यात आमचं अंबाजोगाई. एरवी एकमेकांच्या दारात न जाणारी माणसं रात्री बॅटरीच्या उजेडात समतल चर खोदत होती. बाहेरून आलेला पैसा थोडा होता. ४५ दिवसांची मुदत आणि पलीकडचं गाव पुढं चाललंय ही बातमी, त्यावर सगळं चाललं. गावाचं नाव लागलं की माणूस गट विसरतो, हे मी डोळ्यांनी बघितलं.

आता दुसरी बाजू. चर खोदणं दिसतं, त्याचा फोटो निघतो, सगळे मिळून करतात. उपसा मात्र प्रत्येक जण आपापल्या वावरात करतो, तो कुणाला दिसत नाही. म्हणून बऱ्याच ठिकाणी पाणी आलं आणि त्यामागं ऊसही आला. साठवण्यापुरती जी एकी झाली ती वाटपापर्यंत टिकली नाही. शेततळ्याचंही तेच. पावसाचं पाणी धरायला काढलेल्या योजनेत प्लास्टिकचा कागद अंथरून विहिरीचं पाणी भरतात, आणि ते तळं बागायतदारपणाची खूण झालंय.

मानस_परभणी:

बालाघाट, 'उपसा दिसत नाही' हा या सगळ्या चर्चेचा गाभा आहे. दिसत नाही त्याची रीत बनत नाही. पण नुसतं दाखवूनही भागत नाही. कॅलिफोर्नियात सॅन मार्कोस गावी सुमारे ३०० घरांना त्यांचा वीजवापर आणि शेजारपाजारची सरासरी कळवली होती, त्याचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. जास्त वापरणाऱ्यांनी वापर कमी केला. कमी वापरणाऱ्यांनी मात्र वाढवला, कारण त्यांना वाटलं आपण उगाच काटकसर करतोय. ज्या चिठ्ठ्यांवर सरासरीबरोबर हसरा चेहरा काढला होता, तिथं कमी वापरणारे कमीच राहिले. आपल्या फळ्यावर नुसते आकडे लिहिले तर कोरडवाहूवालाही उद्या मोटर टाकेल. कमी उपसणाऱ्याचा मान त्या फळ्यावर दिसायला हवा.

गोदाखोरं (पैठण):

भूजलाच्या क्षेत्रात नोकरी केली, आता निवृत्त आहे. थोडं जमिनीखालचं सांगतो.

आपल्याकडे काळा बेसॉल्ट. पाणी मुख्यतः वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. विहिरीचं पाणी दर पावसाळ्यात भरतं. ५००-६०० फुटांवर लागतं ते फार वर्षांनी साठलेलं असतं आणि लवकर परत भरत नाही. लोक दोन्हींना एकच 'झरा' समजतात. हा फरक गावानं स्वतः मोजून बघितला की पटतो, माझ्या भाषणानं पटला नाही.

याचं चांगलं उदाहरण आंध्रात झालं. तिथल्या सात दुष्काळी जिल्ह्यांत, सहाशेहून अधिक वस्त्यांत शेतकऱ्यांनी स्वतः पर्जन्यमापक वाचला, विहिरींची पातळी मोजली, आकडे गावातल्या भिंतीवर लिहिले आणि रब्बीच्या आधी बसून पाण्याचा ताळेबंद मांडला. सक्ती नव्हती, कमी उपसा केला म्हणून अनुदानही नव्हतं. ताळेबंद बघून बऱ्याच जणांनी भात कमी केला. पुढे आंध्रातच अभ्यासकांनी गावकऱ्यांना एक खेळ खेळायला दिला: जास्त पाण्याचं पीक निवडायचं की कमी, आणि फेरीगणिक सामाईक साठा किती उतरला ते बघायचं. खेळानंतरच्या चर्चेत लोक आपल्या खऱ्या शिवाराबद्दल बोलायला लागायचे. कुणाकडे बोट न दाखवता बोलता येतं, हा त्याचा मोठा फायदा.

आपल्याकडे अटल भूजल आणि पोकरा (नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प) या योजनांतही ताळेबंद आहे. अनेक ठिकाणी तो बाहेरचा माणूस लॅपटॉपवर करतो आणि फाइलला लावतो. कागद तोच, परिणाम शून्य.

माळवद:

गोदाखोरं सर, ही माहिती मोलाची आहे. माझा आक्षेप अर्धा मागे घेतो. अर्धा ठेवतो, कारण हिवरे बाजारचं नाव प्रत्येक भाषणात येतं आणि त्यात पोपटराव पवारांची जिद्द सांगतात. शेतीसाठी बोअर बंद आणि उसाला मनाई हे नियम ग्रामसभेनं केले, हे एका वाक्यात उरकतात. नियम हवाच. जायकवाडीचंच बघा. १५ ऑक्टोबरला साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हे २०१४ च्या आदेशात ठरलं. तारीख आणि आकडा ठरला म्हणून निदान भांडायला पाया मिळाला. गावातही तसाच आकडा पाहिजे. चांगुलपणावर सोडू नका.

शिवारफेरी (औसा):

माळवद, हे मला सगळ्यात जास्त उपयोगी पडणार आहे. तारीख आणि आकडा.

सगळ्यांचं वाचून गावात काय मांडायचं ते लिहितो, चुकत असेल तिथं सांगा. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात तेव्हाचे सरपंच भास्करराव पेरे पाटलांनी पूर्ण कर भरणाऱ्याला दळण मोफत दिलं, हे मला आधी सुचलं होतं. पण पाण्याला तसलं बक्षीस लावावं असं आता वाटत नाही. बक्षीस बंद झालं की काय? आधी चिठ्ठ्यांवर कौल: 'बहुतेकांनी थांबवलं तर मी नवा बोअर थांबवेन का?' हो किंवा नाही, नाव लिहायचं नाही. निकाल शाळेच्या भिंतीवर. त्यानंतर करारनामा. आठ आणे गाव सही करणार नाही तोवर कुणालाच लागू नाही. मोजमाप गावातलीच पोरं-पोरी करतील. भिंतीवर उसाचे एकर लिहायचे नाहीत, पाणी राखणाऱ्या कुटुंबांची नावं लिहायची. कुणी करार मोडला तर पहिल्यांदा घरी जाऊन बोलायचं, एकदम दंड नाही. ऑस्ट्रॉम यांनाही टिकलेल्या गावांत हेच दिसलं होतं, शिक्षा हळूहळू वाढत जाते.

येळवस (लातूर):

आठ आण्यांत बायकांच्या सह्या वेगळ्या मोजा. सातबाऱ्यावर नाव नसलं तरी.

बैठकीच्या तारखेबद्दल सुचवते. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला (मार्गशीर्ष अमावस्या), पुण्या-मुंबईची माणसं झाडून गावी येतात, अख्खं गाव वावरात असतं, भज्जी आणि आंबील एकमेकांच्या कोपीवर जाऊन खातात. 'सुरू' हंगामातल्या उसाची लागण बहुतेक त्याच्या पुढेच असते. म्हणजे ज्याला मन बदलायचं त्याला अजून वेळ असतो. पैसा पाठवणारा भाऊही तिथंच असतो, आणि बोअरला पैसा बऱ्याचदा त्याचाच.

शिवारफेरी (औसा):

ताई, दोन्ही गोष्टी घेतल्या. सह्यांच्या दोन याद्या करू.

तेरणाकाठ (धाराशिव):

दादा, आमच्या वस्तीवरही चिठ्ठ्यांचा कौल घेऊन बघतो. फक्त विहीर कोणती मोजायची? माझ्या विहिरीवर दिवसभर मोटर चालू असती.

गोदाखोरं (पैठण):

चालू मोटरची विहीर नको. गावठाणातली किंवा देवळाजवळची, उपसा कमी असलेली एक, आणि शिवारात वर, मध्ये, खाली अशा तीन निवडा. सकाळी मोटर चालू व्हायच्या आधी मोजायचं. कठड्यावर ऑइलपेंटनं खूण करा आणि दर वेळी त्याच खुणेपासून टेप सोडा. शासनाच्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजतात. तुम्ही दर महिन्याला मोजा, पण हे चार महिने चुकवू नका, म्हणजे तुमचे आकडे त्यांच्या आकड्यांशी लावून बघता येतील. ऑक्टोबरचा आकडा पूर्वहंगामी लागणीच्या आधी भिंतीवर गेला पाहिजे. टेपच्या टोकाला शिशाचं वजन बांधा, नाहीतर पाणी लागल्याचं हाताला कळत नाही.